फोटोत पाठ दिसत नाही

गेल्या महिन्यात आमच्या लेकीच्या कॉलेजात ‘जुना जमाना’ साजरा होणार होता. मुलींनी साठ-सत्तरच्या दशकांतल्यासारखं नटून यायचं, असं ठरलं होतं. दोन दिवस लेक मोबाइलवर जुन्या मासिकांतले फोटो जमवत बसली. डोक्यावर उंच फुगवलेला अंबाडा, कानापर्यंत ओढलेलं काजळ, अंगालगत कमीज आणि पायाशी चुण्याच चुण्या पडलेली चुडीदार. त्यातला एक फोटो घेऊन ती आमच्या अम्मीजवळ, म्हणजे तिच्या नानीजवळ गेली. म्हणाली, “नानी, ऐसा सी लेंगे क्या अपन?”

अम्मीचा एक डोळा काचबिंदूनं गेला आहे. दुसऱ्यानं जेमतेम दिसतं. तिनं मोबाइल नाकापर्यंत नेला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “इसकी पीठ दिखा.”

लेक हसली. “नानी, फोटो है. पीठ किधरसे लाऊँ?”

“वोइच तो,” अम्मी म्हणाली. “फोटू में पीठ नै दिखती, बेटा. पीठ अपनेकू सोचनी पड़ती.”

आम्ही बाजूलाच उत्तरपत्रिका तपासत होतो. हे वाक्य आम्ही लहानपणी किती वेळा ऐकलं असेल! पण त्या दिवशी ते कानावर पडलं आणि हातातली लाल पेन थांबली. कारण त्याच्यामागे आमची एक चूक दडलेली आहे. वाचक बंधू-भगिनींनो, या महिन्याच्या पानावर ती चूक तुमच्यासमोर ठेवायची आहे. तुमच्या घरात ती अजून घडलेली नसेल, तर वेळ आहे.

आज आम्ही देहू गावात राहतो, पण आमचं बालपण देहूरोडला गेलं. तिथं लष्कराची छावणी, दारूगोळ्याचा डेपो, स्टेशनाबाहेरचा बाजार. अब्बू कारखान्यात पाळीवर जायचे आणि घरात अम्मीचं पायमशीन चालायचं. आषाढी वारीच्या आधी महिनाभर त्या मशीनवर बंड्या आणि सदरे असायचे. देहूहून तुकोबांची पालखी निघाली की तिचा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. त्या गर्दीत अम्मी दुरूनच आपली शिलाई ओळखायची. वारी पुढे गेली की उरलेलं वर्षभर झंपर, ब्लाउज, कमीज.

अम्मी उर्दू सातवीपर्यंत शिकलेली. शिवणाच्या क्लासला ती कधी गेली नाही. तिचा क्लास म्हणजे जुनी मासिकं. छावणीतल्या साहेबांच्या घरून बायका कपडे शिवायला टाकायच्या, तेव्हा सोबत इंग्रजी मासिकाचा एखादा अंक द्यायच्या आणि पानावर बोट ठेवून सांगायच्या, असं हवं. काम झालं की तो अंक बहुतेक परत मागितला जायचा नाही. ‘ईव्ज वीकली’, ‘फेमिना’ असेच आले. उर्दूतली ‘शमा’ आणि ‘बानो’ रद्दीच्या दुकानातून यायची. मराठी ‘स्त्री’चे अंक शेजारच्या बाईंकडून. अम्मीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, मराठी ती अडखळत वाचायची. पण चित्र पाहायला भाषा लागत नाही. फोटो समोर धरायचा, आधी खांदा पाहायचा, मग मोंढा, मग टक्स कुठं घेतलेत ते. वर्तमानपत्राच्या कागदावर कटिंग करायची आणि मगच कापडाला कात्री लावायची. जे फोटोत दिसत नाही, म्हणजे पाठ, ते डोक्यानं जुळवायचं.

ती मासिकं कुठून आली, त्यांतले कपडे कुणी काढले, हे आम्हाला फार उशिरा कळलं. शिकवायच्या निमित्तानं वाचत गेलो आणि उलगडत गेलं.

आपल्याकडे मासिकांतली बाई आधी रंगवलेली होती, फोटोतली नंतर आली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. १९१६ मध्ये मुंबईत हाजी मोहम्मद अल्लारखिया शिवजी यांनी ‘वीसमी सदी’ हे गुजराती सचित्र मासिक सुरू केलं. चांगले चित्रकार आणि उत्तम छपाई यांसाठी या माणसानं घरचा पैसा ओतला. १९२१ मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि मासिकही थांबलं. पण गुजरातीत सचित्र मासिक कसं असावं, याचा नमुना एका मुसलमान संपादकानं घालून दिला, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखं आहे. पुढे १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ काढलं. शंकरराव स्वतः चित्रकार होते. मग दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांचा काळ आला. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. या दोघांनी मुखपृष्ठांवर रंगवलेल्या स्त्रिया मराठी घराघरांत भिंतीवर लागल्या.

फोटोऐवजी चित्र का, याचं एक साधं कारण छपाईत होतं. फोटो छापायचा तर जाळीच्या काचेतून त्याचे बारीक ठिपके पाडून धातूच्या पत्र्यावर ठसा करावा लागे. एका रंगाला एक ठसा, रंगीत चित्राला चार. खर्च मोठा. म्हणून कितीतरी वर्षं रंग मुखपृष्ठापुरता असायचा आणि आतली पानं काळी-पांढरी. अम्मीची एक गंमत आठवते. आतल्या पानावरचा झगा पाहून ती म्हणायची, “रंग अपना डालने का.” गिऱ्हाईक बाईकडे जे कापड असेल, तोच त्या फोटोचा रंग.

आता कॅमेऱ्यामागच्या माणसांकडे येऊ. होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, नवसारीचा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणींचे फोटो काढले. त्यांत रेहाना मोगल नावाची एक विद्यार्थिनी पुन्हा पुन्हा दिसते. ही काही पैसे घेऊन उभी राहिलेली मॉडेल नव्हती. वर्गात काम करणारी, मोकळेपणानं वावरणारी शिकती मुलगी. त्या काळातली तरुण बाई कशी नेसायची, कशी बसायची, हे आज आपल्याला अशा फोटोंमुळे दिसतं. होमाईंचे सुरुवातीचे फोटो मात्र छापून आले ते त्यांच्या पतीच्या नावानं. फोटोतली बाई सगळ्यांना दिसली, फोटो काढणारी बाई दिसली नाही. सबीना गडिहोक या अभ्यासिकेनं २००६ मध्ये त्यांच्यावर मोठं पुस्तक लिहिलं, तेव्हा ते काम नव्या पिढीपुढे एकत्र आलं.

टाइम्स समूहानं १९५९ मध्ये ‘फेमिना’ सुरू केलं. त्याच समूहासाठी जितेंद्र आर्य यांनी पुढची कितीतरी वर्षं मुखपृष्ठांचे फोटो काढले. नैरोबीत जन्मलेले, लंडनमध्ये कॅमेरा शिकलेले आर्य मुंबईत आले आणि मासिकांतल्या फोटोंना त्यांनी स्टुडिओतल्या नेमक्या प्रकाशाची शिस्त लावली. २०१७ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. कधीकाळी किलोनं विकली गेलेली मुखपृष्ठं आज संग्रहालयाच्या भिंतीवर लागतात.

पण आम्हाला सगळ्यात जवळची वाटते ती कोल्हापूरची एक मुलगी. भानुमती राजोपाध्ये, जन्म १९२९. वडील अण्णासाहेब चित्रकार. तीही चित्रकलेसाठी मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये आली आणि पोटापाण्यासाठी मासिकांत फॅशनची रेखाचित्रं काढू लागली. ‘ईव्ज वीकली’तही तिची चित्रं येत. पुढे त्या मासिकाच्या संपादिकेनं कपड्यांचं दुकान काढलं आणि तिला सांगितलं, कागदावर काढतेस तसं कापडातही करून बघ. तिथून ती सिनेमाच्या कपड्यांकडे गेली. १९५६ चा ‘सी.आय.डी.’, मग शंभराहून जास्त चित्रपट. १९६५ च्या ‘वक्त’मध्ये साधनानं घातलेली ती अंगालगतची चुडीदार-कमीज तिचीच. लग्नानंतरचं तिचं नाव भानू अथैय्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

म्हणजे बघा, कोल्हापूरच्या मुलीनं मुंबईत काढलेलं चित्र मासिकात आलं, मासिकातून पडद्यावर गेलं, पडद्यावरून पुन्हा मासिकाच्या फोटोत आलं, तो अंक छावणीतल्या बंगल्यात आला आणि तिथून रद्दीच्या वाटेवर असताना आमच्या अम्मीच्या पायमशीनजवळ थांबला. अम्मीला भानू अथैय्या हे नाव ठाऊक नव्हतं. पण चुडीदारीचं कापड तिरकं कापावं लागतं, नाहीतर ती पोटरीवर चढत नाही आणि घोट्यापाशी चुण्या नीट बसत नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिरकं कापलं की कापड जास्त लागतं. म्हणून अम्मी गिऱ्हाइकाला आधी विचारायची, “चुडी कितनी होना? चुडी के पैसे लगते.”

फोटोत होतं तसंच्या तसं मात्र ती कधी शिवत नसे. गळा दोन बोटं वर, बाही मनगटापर्यंत, घेर थोडा सैल. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, “तसवीर देखके कपड़ा बनता, पहननेवाली देखके कपड़ा जमता.” हया आणि हौस या दोन्ही गोष्टी एका कमीजमध्ये कशा बसवायच्या, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आज दुकानांत ‘मॉडेस्ट फॅशन’ अशी पाटी दिसते, तेव्हा आम्हाला हसू येतं. आमच्या घरात ती पाटीशिवाय चालत होती.

इथं एक प्रश्न आम्हाला कायम पडत आला. या सगळ्या गुळगुळीत पानांवर आपल्या घरातल्या बायका कुठं होत्या? उर्दूत बायकांसाठीची नियतकालिकं काही नवी नव्हती. लाहोरहून १८९८ मध्ये ‘तहज़ीब-ए-निस्वाँ’ निघालं, त्याच्या संपादिका मुहम्मदी बेगम. दिल्लीहून १९०८ मध्ये ‘इस्मत’ निघालं. पण त्यांत लिहिणाऱ्या कितीतरी जणी स्वतःचं नावसुद्धा छापत नसत. अमक्याची मुलगी, तमक्याची आई, एवढीच ओळख. जिथं नाव नाही, तिथं चेहरा कुठून येणार? आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याच्या बेगम नाज़ली यांची बहीण अतिया फ़ैज़ी १९०६ मध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेली. तिथली तिची रोजनिशी ‘तहज़ीब-ए-निस्वाँ’मध्ये छापून येत होती. पुढे १९२१ मध्ये तिचं ‘ज़माना-ए-तहसील’ नावानं पुस्तक झालं. घरात बसलेल्या वाचक बहिणींनी लंडन पाहिलं ते तिच्या शब्दांतून. फोटोचं काम शब्दांनी केलं.

मग आपल्याकडे सामान्य घरातल्या बाईचा फोटो कधी निघायचा? बहुतेकींचा पहिला फोटो निघायचा तो रिश्त्यासाठी. देहूरोडच्या बाजारात एक फोटो स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर जिना आणि कारंजं. पोरीला तिथं उभं करायचं, एक हात कुंडीवर, आणि तो फोटो मुलाच्या घरी पाठवायचा. त्या एका फोटोवर कधी कधी पोरीचं आयुष्य ठरायचं. आणि वस्तीतल्या कितीतरी घरांत फोटोपुरतेही नवे कपडे नसायचे.

आता आमची चूक.

२००९ साली आम्ही देहूरोडची भाड्याची खोली सोडून देहूत फ्लॅट घेतला. बी.एड. होऊन नोकरी लागलेली, नवं घर, नव्या भिंती. सामान हलवताना पलंगाखाली अम्मीच्या मासिकांचे गठ्ठे निघाले. कडा कुरतडलेल्या, पानं पिवळी पडलेली, वास येणारे. आम्ही रद्दीवाल्याला बोलावलं. तराजू लागला. अम्मीला विचारलं नाही. वर्गात मुलांना पुस्तकं जपायला सांगणारी शिक्षिका आणि घरात हे! संध्याकाळी अम्मी आली, पलंगाखालची रिकामी जागा पाहिली आणि एवढंच म्हणाली, “लाल डोरेवाला गठ्ठा बी?” आम्ही हो म्हणालो. ती वुजू करायला उठली. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. त्या गप्प राहण्याचा अर्थ तेव्हा आम्हाला कळला नव्हता.

लेकीनं फोटो दाखवला, त्या दिवशी अम्मी म्हणाली, “पेटी में एक पन्ना होना.” लग्नाची पत्र्याची पेटी आम्ही रिकामी केली. तळाशी वर्तमानपत्रांच्या थरात मासिकाचं एक पान पसरलेलं होतं. वरची कड फाटलेली, त्यामुळे मासिक कोणतं ते कळायला मार्ग नाही. काळा-पांढरा फोटो, चुडीदार-कमीज घातलेली मुलगी, थोडी वळून उभी. आणि चारही बाजूंच्या कोऱ्या जागेत अम्मीचं बारीक उर्दू अक्षर.

अम्मीला आता ते वाचता येत नाही. आम्ही वाचून दाखवू लागलो. आधी वाटलं, एका कमीजची मापं असतील. पण तिथं पाच जणींची मापं होती. नावं नव्हती. नळाशेजारची मोठी. मशिदीमागची. डेपोवाल्याची. हवालदाराची धाकटी. दूधवालीची. प्रत्येकीपुढे छाती, कंबर, खांदा. आणि शेवटी एक वेगळाच आकडा: दोन पिना, तीन पिना, चार पिना. एकीपुढे नुसता शून्य.

आम्ही विचारलं, “अम्मी, हे पिनांचं काय?”

तेव्हा अम्मीनं सांगितलं. पाच पोरींच्या रिश्त्याच्या फोटोसाठी तिनं एकच कमीज शिवलं होतं. राहिलेलं, पण चांगलं कापड. सगळ्यांत जाड पोरीच्या मापानं शिवलं, ती शून्य पिनेची. बाकीच्या चौघींना तेच कमीज घालायचं आणि जेवढं सैल पडेल तेवढं पाठीमागे गोळा करून पिना लावायच्या. “सामनेसे किसीकू क्या मालूम पड़ता?”

आम्ही चाट पडलो. कारण मोठमोठ्या मासिकांच्या स्टुडिओत नेमकं हेच करतात. मॉडेलच्या अंगावर कपडा बेतल्यासारखा बसलेला दिसतो, त्याच्या पाठीमागे चिमटे आणि पिना असतात. कॅमेऱ्याला समोरची बाजू दाखवायची, मागचं जुळवून न्यायचं. अम्मीनं कुठलाही स्टुडिओ आतून पाहिला नव्हता. फोटोत पाठ का दाखवत नाहीत, याचा विचार करता करता तिला ते आपोआप उमगलं होतं.

आमच्यातली शिक्षिका जागी झाली. विचारलं, “पण हे खोटं नाही का झालं? मुलाकडच्यांना वाटणार, कमीज पोरीचं आहे.”

अम्मी म्हणाली, “कमीज माँगेका था. चेहरा तो उसकाच था ना?”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही नाही.

आता विचार करा. एका पानावर पाच मुली. त्या लाल दोऱ्याच्या गठ्ठ्यात अशी किती पानं असतील? कुणाची मापं, कुणाची लग्नं, कुणाचा पहिला ईदचा जोडा. त्या वस्तीत बायका कशा होत्या, काय ल्यायच्या, हे लिहिलेलं दुसरं कुठलंच दफ्तर नव्हतं. छापलेल्या बाजूचे फोटो आज ना उद्या कुठल्या तरी संग्रहात मिळतील, कारण त्या अंकांच्या हजारो प्रती निघाल्या होत्या. अम्मीच्या अक्षरातल्या कडा मात्र जगात एकच प्रत होत्या, आणि ती आम्ही तराजूत घातली. भानू अथैय्यांनी २०१२ मध्ये आपलं ऑस्कर अकादमीकडे परत नेऊन दिलं, आपल्या पश्चात ते नीट जपलं जावं म्हणून. त्या बाईला कळत होतं, घरात वस्तू कशा हरवतात ते.

म्हणून या महिन्यात हातात घ्यायचं एक काम सांगतो. ईदच्या साफसफाईत, घर बदलताना, कुणाच्या इंतकालानंतर पेट्या रिकाम्या करताना जुना कागद दिसला तर आधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा. मासिकाच्या, वहीच्या, कॅलेंडरच्या कडा बघा. काही लिहिलं असेल तर ते पान वेगळं काढा. मासिकांचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडून तुटू लागतो. तेव्हा अंधारात, कोरड्या जागी, सपाट ठेवा. घड्या घालू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांनी डाग सोडतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही.

फोटोंचंही तसंच. १९८०-९० च्या सुमाराचे चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम अनेक घरांत आहेत. त्यांतला डिंक फोटोला सोडत नाही. जे फोटो सहज निघतात ते काढून कागदी पाकिटात ठेवा, जे चिकटले आहेत ते ओढू नका, जागच्या जागी मोबाइलनं फोटो घ्या. खिडकीच्या उजेडात घ्या, फ्लॅश बंद ठेवून. जुने रंगीत फोटो लालसर होत चाललेत, ते थांबणार नाहीत, म्हणून उशीर नको. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं नाव, गाव आणि अंदाजे साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. पावसाळ्यात इंद्रायणीकाठी आमच्याकडे दमट हवेनं कपाटं फुगतात. आम्ही दर पावसाळ्यानंतर सगळं एकदा सावलीत हवेशीर ठेवतो आणि कसर लागली का ते बघतो.

आणि जुने कपडे असतील, आजीचा गरारा, नानीची नऊवारी, कुणाचा निकाहचा जोडा, तर त्यांचे फोटो घेताना पाठीमागून घ्या आणि उलटे करूनही घ्या. सुई कुठं चालली, कापड कुठं जोडलं, कुणासाठी शिलाई उसवून पुन्हा घातली, ते आतूनच दिसतं.

घरातल्या काही वडीलधाऱ्यांना फोटोच पसंत नसतो. त्यांच्या मनाचा मान राखावा. आमच्या अम्मीचाही फोटो म्हणजे हजच्या पासपोर्टसाठी काढलेला तेवढाच. तिथं आम्ही वही ठेवली आहे. ती सांगते, आम्ही लिहितो. आतापर्यंत सोळा पानं झाली. अतिया फ़ैज़ीच्या वाचक बहिणींना शब्द पुरले होते, आपल्यालाही पुरतील.

लेकीची चुडीदार-कमीज झाली. अम्मीनं बोटांनी मोंढा चाचपून सांगितलं, लेकीनं कापलं, मशीन आम्ही चालवलं. गळा दोन बोटं वर.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही अम्मीला रिक्षानं देहूरोडला नेलं. पाच जणींपैकी नळाशेजारची मोठी अजून तिथंच राहते, आता नातवंडांची दादी आहे. तिला पान दाखवलं. तिनं आत जाऊन कपाटातून पाकीट आणलं आणि त्यातून फोटो काढला. जिना, कारंजं, कुंडीवर हात आणि अंगावर ते कमीज. आम्ही कड वाचून दाखवली: कंबर सव्वीस, चार पिना.

“सव्वीस?” ती जोरात हसली. “मी एवढी बारीक होते?”

अम्मीला फोटो दिसत नव्हता. तरी ती म्हणाली, “साँस रोकी थी तू. एक पिन टूटी थी, याद है?”

मग त्या दोघी बराच वेळ बोलत बसल्या. आम्ही वहीत लिहून घेत होतो.